पेंडीचे पोते

आम्ही इंदूरचे. आमचे पणजोबा होळकरशाहीत कारकुनीच्या निमित्ताने कोकणातून इकडे आले आणि इकडचेच झाले. आमच्या घरात आजवर अंड्याचे कवचदेखील आलेले नाही. असे असता आम्ही कोंबड्यांच्या चाऱ्यापाण्याविषयी लिहावयास बसलो आहोत, हे पाहून काही परिचितांना नवल वाटेल. आमच्या सौभाग्यवतींनी तर विषय ऐकताच, "निदान गणपतीच्या अंकात तरी नको," अशी अट घातली. ती आम्ही पाळली आहे. परंतु हे लेखन केवळ गंमत म्हणून केलेले नाही. आमच्या हातून एकदा एक चूक घडली. तिची किंमत आम्ही मोजली नाही, दुसऱ्याच कोणी मोजली. त्या चुकीतून जे थोडेफार कळले, ते लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

२०११ साली आमची बदली झाबुआ जिल्ह्यातील एका खेड्यातील शासकीय माध्यमिक शाळेवर मुख्याध्यापक म्हणून झाली. इंदूरहून झाबुआ सुमारे दीडशे किलोमीटर. पण तेथे उतरल्यावर आपण दुसऱ्याच मुलखात आलो असे वाटते. उघड्या बोडक्या टेकड्या, पातळ माती, मका आणि उडदाची शेते, आणि टेकडीटेकडीवर विखुरलेली भिल्लांची घरे. गाव असा एकत्र दिसतच नाही. दिवाळी झाली की निम्मे गाव मजुरीसाठी गुजरातेत जाते आणि शाळेचे बाकही निम्मे रिकामे होतात.

त्या मुलखाचे एक भूषण म्हणजे कडकनाथ कोंबडा. स्थानिक लोक त्याला 'कालामासी' म्हणतात. पिसे, तुरा, चोच, पाय, जीभ, एवढेच नव्हे तर मांसदेखील काळे. शरीरातील मेलॅनिन नामक रंगद्रव्य या जातीत आतील अवयवांपर्यंत पसरलेले असते, त्याचा हा परिणाम. अंडी मात्र काळी नसतात; ती फिकट बदामी रंगाची असतात. शहरात काळी अंडी म्हणून कोणी काही विकू लागला तर वाचकांनी सावध राहावे! या जातीच्या संवर्धनासाठी शासनाने १९७८ साली झाबुआ येथे केंद्र काढले आणि २०१८ साली 'झाबुआचा कडकनाथ' यास भौगोलिक मानांकनही मिळाले. आज त्याची मागणी देशभर आहे. परंतु आम्ही सांगतो आहोत तो प्रसंग २०१४ सालचा आहे.

सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. अक्षर सुरेख, गणितात चलाख. आषाढ लागला तरी तो शाळेत दिसेना, म्हणून आम्ही एका रविवारी टेकडी चढून त्याच्या घरी गेलो. वडील गुजरातेत, एका बांधकामावर. घरी आई, वृद्ध आजी आणि दोन धाकट्या बहिणी. मुलगा कोंबडीच्या पिलांवर राखण करीत बसला होता. घार आणि मुंगूस यांच्यापासून पिले वाचवावयाची, हे त्याचे काम. पिले सव्वीस होती. कडकनाथाची मादी खुडूक बसावयास फारशी राजी नसते. म्हणून तिची अंडी शेजारच्या गावठी कोंबड्यांखाली ठेवून ही पिले उबवून घेतली होती.

बोलता बोलता कळले की, मागील वर्षीच्या आजारपणात आईची चांदीची कडी आणि हांसली सावकाराकडे गहाण पडली होती. भिल्ल स्त्रीची चांदी म्हणजे तिची बँक आणि तिची अब्रूही. माघापर्यंत ही सव्वीस पिले मोठी झाली, निदान वीस जगली, की ती विकून चांदी सोडवावयाची, असा त्या घरचा हिशेब होता. सावकाराची मुदत होळीपर्यंतची होती.

हा हिशेब ऐकून आमच्यातील शिक्षक जागा झाला. कुक्कुटपालनावरील एक पुस्तिका आम्ही तालुक्याहून आणून वाचून काढली. वाढत्या पिलाच्या खाद्यात शेकडा २० च्या आसपास प्रथिने असावीत. मक्यात ती शेकडा ८-९ च असतात. भुईमुगाच्या पेंडीत मात्र ४० च्या वर. म्हणजे मक्याच्या भरड्यात पेंड मिसळली की प्रश्न सुटला! शिवाय पिले बंदिस्त ठेवली तर घारीचे भय नाही आणि मुलगाही शाळेत येईल. आम्ही आठवड्याच्या हाटातून पेंडीचे एक पोते स्वस्तात विकत घेतले, शाळेच्या कोठीत भिंतीला लावून ठेवले, आणि त्या घराला दर आठवड्यास चार-पाच किलो देऊ लागलो. अंगणात बांबूच्या कामट्यांचा खुराडा उभा राहिला. मुलगा शाळेत येऊ लागला. आम्हांस धन्य वाटले.

कोठीचे छप्पर गळत होते, हे आम्हांस ठाऊक होते. श्रावणात पोत्याच्या तळाची पेंड ओली होऊन तिचे गठ्ठे झाले आणि त्यांवर हिरवट-पिवळी भुकटी धरली. आम्ही ते गठ्ठे फोडले, दोन दिवस उन्हात वाळविले आणि पाठवून दिले. मुलाची आई ती परत घेऊन शाळेत आली. मूठभर पेंड नाकाशी धरून म्हणाली, "माटसाब, याला वास येतो. आमची कोंबडी असले खात नाही."

आम्ही हसून म्हणालो, "बाई, ऊन लागले की दोष जातो. पुस्तकात प्रमाण दिले आहे."

ती काही बोलली नाही. माटसाबांच्या शब्दापुढे तिने आपल्या नाकाचा शब्द मागे घेतला. हा क्षण आम्ही विसरू शकलेलो नाही. पुस्तकात प्रमाण होते, हे खरे. पण बुरशी उन्हाने निर्दोष होते असे पुस्तकात कोठेही लिहिलेले नव्हते. ते वाक्य आमच्या पदरचे होते.

दहा-बारा दिवसांनी पिले पंख गाळून बसू लागली. खाणे सुटले, चाल लटपटू लागली. रोज दोन-तीन मरू लागली. पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर मोटारसायकलवरून आले तोवर सव्वीसपैकी नऊ उरली होती. शेवटी सात राहिली. त्यांनी एक मेलेले पिलू उघडून पाहिले. काळ्या देहातले यकृत फिकट पिवळे पडून सुजले होते. त्यांनी रोगाचे नाव घेतले नाही, एवढेच विचारले, "खावयास काय देता?" मुलगा आमच्याकडे पाहू लागला. पेंड पाहताच डॉक्टर म्हणाले, "प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण ही आजच्या आज पुरून टाका."

मागाहून आम्ही जे वाचले ते आधी वाचावयास हवे होते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. कारण कोणास कळेना. शेवटी शोध लागला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपाशी. तीवरील एका बुरशीने निर्माण केलेल्या विषाला पुढे ॲफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. हे विष यकृतावर आघात करते, कोवळ्या पक्ष्यांना अधिक. आणि उन्हाने वाळविले किंवा शिजविले तरी ते जात नाही. बुरशी झटकता येते, विष आत राहते. भुईमूग, मका, सरकी, ज्यात ओल शिरते त्यात हा धोका असतोच. म्हणून पेंड फळीवर, भिंतीपासून दूर, कोरड्या जागी ठेवावी, पावसाळ्यात थोडीथोडीच आणावी, आणि वास आला तर किमतीकडे न पाहता टाकून द्यावी.

नुकसानीचे पैसे देण्यासाठी आम्ही पुन्हा टेकडी चढलो. त्या माउलीने ते घेतले नाहीत. रागावलीही नाही. रागावली असती तर बरे वाटले असते. आजी, ज्यांना आम्ही माँजी म्हणत असू, त्यांनी मात्र एक गोष्ट विचारली. "माटसाब, पिलांना कोंडले कशाला? बाहेर असती तर त्यांनी ते खाल्ले नसते."

हे वाक्य आम्हांस फार उशिरा कळले. मोकळी कोंबडी निवडून खाते; कोंडलेली कोंबडी आपण टाकू ते खाते. तिच्यापुढे दुसरे काही नसते. आम्ही पिलांना खाद्य दिले, पण त्यांची निवड काढून घेतली होती.

त्यानंतर उरलेली सात पिले मोकळी सुटली आणि आम्ही रविवारी वही घेऊन माँजींबरोबर त्यांच्यामागे फिरू लागलो. मुख्याध्यापक कोंबड्यांच्या मागे हिंडतात, अशी गावभर थट्टा झाली. ती आम्हांस आवश्यकच होती.

त्या वहीत काय टिपले ते थोडक्यात सांगतो. कोंबडी म्हणजे गाय नव्हे. तिला चोथा पचत नाही. जून गवत तिच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. हरळीचे ती फक्त कोवळे शेंडे टिपते. घोळ, तांदुळजा आणि केना यांची पाने मात्र आवडीने खाते. भाद्रपद-आश्विनात कुर्डूचे व रानसाव्याचे बी पडते, तेव्हा दाणा जवळजवळ घालावाच लागत नाही. या हिरव्या पाल्यातून जीवनसत्त्वे मिळतात, आणि त्यातील रंगद्रव्यांमुळेच अंड्याचा बलक गडद पिवळा होतो. पण पिलाचे अंग वाढते ते मुख्यत्वे किड्यांवर. शेणाचा पो उकरून त्यातील अळ्या, गवतातील नाकतोडे, आणि वाळवी. माँजी संध्याकाळी एका मडक्यात ओले शेण आणि मक्याचा चिपाड भरून ते वारुळावर पालथे घालीत. सकाळी ते वाळवीने भरलेले असे. ते झटकले की पिले तुटून पडत. आम्ही ज्या प्रथिनांसाठी हाटातून पेंड आणली, ती त्या अंगणापासून पन्नास पावलांवर फुकट होती!

माँजी काय खाऊ देत नसत, हेही टिपले. एरंडाच्या बिया, गुंजा, धोतरा आणि टाकळ्याचे बी यांजवळ पिले गेली की त्या हाकलीत. मोहाची पेंड कधीच घालीत नसत. तिने ओढ्यातले मासे मरतात, मग कोंबडी कशी जगेल, हा त्यांचा साधा न्याय. तो बरोबरच आहे. त्या पेंडीत सॅपोनिन हे विषारी द्रव्य असते. सुबाभळीच्या पाल्यात प्रथिने पुष्कळ, म्हणून आम्ही ती सुचविली, तेव्हा त्या नुसत्या हसल्या. मागाहून वाचले की तीत मिमोसिन असते आणि कोंबड्यांच्या खाद्यात ती अगदी अल्प प्रमाणातच चालते.

परंतु सारे शहाणपण अंगणात आहे आणि पुस्तकात काहीच नाही, असे म्हणणे म्हणजे एका चुकीवर दुसरी चूक. माँजींच्या घरी दोन-तीन वर्षांआड साथ येऊन खुराडा रिकामा होई आणि त्या तो देवीचा कोप समजत. ती साथ बहुधा राणीखेत रोगाची असावी. पहिल्या आठवड्यात पिलाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत लशीचा एक थेंब आणि दोन महिन्यांनी टोचणी, एवढ्याने ती टळते. हे अंगणात उगवत नाही. त्याच डॉक्टरांच्या साहाय्याने पुढील वर्षापासून त्या टेकडीवरील सर्व घरांत लस टोचली गेली, आणि माँजींनी स्वतः पिले धरून दिली.

शिवाय चैत्र-वैशाखात त्या टेकड्यांवर हिरवे पान राहत नाही, नाकतोडे नाहीसे होतात. तेव्हा अंगण तोकडे पडते, आणि तेव्हाच पूरक खाद्याचे खरे काम सुरू होते. शाळेच्या आवारात शेवग्याची चार झाडे होती. त्यांचा पाला सावलीत वाळवून केलेल्या पुडीत शेकडा २५ च्या आसपास प्रथिने असतात. ती मूठभर मक्याच्या भरड्यात मिसळू लागलो. झाडाखाली प्लास्टिकचा कागद अंथरून वीतभर पाण्याच्या वाफ्यात अझोला सोडला. ही नेच्याच्या कुळातील तरंगती वनस्पती. तिच्या पानांत राहणारे सूक्ष्मजीव हवेतील नायट्रोजन पकडून तिला देतात, म्हणून ती झपाट्याने वाढते. पण येथे आम्ही मुलांकडून हिशेब करवून घेतला. वाळलेल्या अझोल्यात शेकडा २० ते २५ प्रथिने हे खरे. मात्र ताज्या अझोल्यात शेकडा ९३-९४ भाग पाणी. म्हणजे किलोभर ताज्या अझोल्यात प्रथिने अवघी १५ ग्रॅमच्या आसपास. तो पूरक आहे, आहार नव्हे. एकदा चटका बसल्यावर आम्ही अशी आकडेमोड करण्यास शिकलो.

अंडी देणाऱ्या मादीस चुना लागतो. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. नदीकाठचे शिंपले भाजून, कुटून, निराळ्या करवंटीत ठेवले की मादी आपल्या गरजेपुरते उचलते. तोच चुना पिलांच्या खाद्यात सरसकट मिसळला तर त्यांच्या मूत्रपिंडास अपाय होतो. बारीक खडे मात्र सर्वांना हवेत; कोंबडीला दात नाहीत, तिचे जाते पोटात असते आणि खडे हेच त्या जात्याचे पाट.

या निमित्ताने एक जुनी हकीगत वाचनात आली. १८९० च्या सुमारास जावा बेटावरील बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जकार्तात, एइकमान नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचे जंतू शोधीत होता. त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय लुळे पडले आणि काही काळाने त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीअंती उलगडा झाला: मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातील सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात मिळत होता, नवा स्वयंपाकी आला, त्याने तो भात देण्याचे नाकारले, आणि त्या पुन्हा असडी तांदळावर आल्या. जे कोंड्याबरोबर काढून टाकले जात होते तेच औषध होते. पुढे त्यास 'ब-१' जीवनसत्त्व म्हणू लागले आणि १९२९ साली एइकमानला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. 'काय घालावे' याआधी 'आपण काय काढून घेतले' हे विचारावे, हा धडा त्या कोंबड्यांनी एका डॉक्टरास दिला. तोच आम्हांस सव्वीस पिलांनी दिला, फक्त महाग पडला.

आता त्या घराचे. पैसे नाकारणाऱ्या त्या माउलीने अखेर एक मार्ग काढला. तिकडे कोंबडी बटाईने देण्याची चाल आहे. मालकाने मादी द्यावी, दुसऱ्याने सांभाळावी, पिले निम्मी-निम्मी. "दान घेणार नाही, बटाईने द्याल तर घेईन," असे ती म्हणाली. आम्ही कडकनाथाच्या चार माद्या आणून दिल्या आणि अशा रीतीने एक शाकाहारी मुख्याध्यापक कोंबड्यांचा भागीदार झाला. आमच्या वाट्याच्या पक्ष्यांच्या पायास ती लाल चिंधी बांधीत असे. आमचा वाटा आम्ही दर खेपेस पुन्हा बटाईनेच ठेवीत असू. पण ती हिशेब कधी एकत्र होऊ देत नसे.

२०१७ साली तिची कडी सुटून आली. हांसली मात्र आली नाही. होळीची मुदत टळली त्याच वर्षी सावकाराने ती वितळवून टाकली होती. ती तिच्या आईची होती, हे आम्हांस मुलाकडून पुष्कळ दिवसांनी समजले. तिने स्वतः कधीही सांगितले नाही.

२०१९ साली आमची बदली पुन्हा इंदूरला झाली. निघण्याच्या दिवशी ती शाळेत आली, पदराची गाठ सोडली आणि आमच्या वाट्याचे १,८४० रुपये मोजून टेबलावर ठेवले. या वेळी नाही म्हणण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. आम्ही ते घेतले. त्यांतील एक दहाची नोट आमच्या टेबलाच्या खणात अद्याप आहे. मुलगा आता मोठा झाला आहे. कधीमधी फोन करतो. कोंबड्या अजून टेकडीवर मोकळ्याच फिरतात, असे सांगतो. माँजी राहिल्या नाहीत.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी परसदार आहे आणि चार कोंबड्या, एखादी गाय किंवा शेळी आहे, त्यांस एवढीच विनंती. पेंडीचे पोते घरी आले की आधी तळाशी हात घालावा, मूठभर पेंड नाकाशी धरावी. आणि घरातील बाई "याला वास येतो" असे म्हणाली, तर पुस्तक मिटून ठेवून पुन्हा एकदा वास घ्यावा.